गुडघे, चक्की आणि नागद्वारीचा उतार

नागद्वारीच्या पहाडावर माणूस दमतो चढताना, पण रडतो उतरताना. चढाला धाप लागते. दगडावर दोन मिनिटं टेकलं की ती जाते. उताराला धाप नसते. तिथे प्रत्येक पावलाला अंगाचा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला तो हळूहळू खाली सोडावा लागतो. स्नायू थकला की भार सरळ सांध्यावर. हा हिशेब मला पन्नाशी उलटल्यावर कळला, तोही गुडघ्यांनी बोंब मारली म्हणून.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. पचमढी मध्य प्रदेशात, सातपुड्यात. तिथला धूपगड हे सातपुड्याचं सगळ्यात उंच शिखर, साडेतेराशे मीटरच्या आसपास. त्याच बाजूच्या जंगलात नागद्वारीची गुहा आहे. वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जाते, म्हणून एरवी बंद असते. नागपंचमीच्या आधी आठ-दहा दिवस तेवढी उघडते. सात पहाडांची वाट म्हणतात तिला. ऐन पावसाळा, चिखल, शेवाळलेले दगड, कुठे लोखंडी शिड्या. आणि या वाटेवर जी गर्दी असते त्यात ऐकू येते ती आमची वऱ्हाडी-नागपुरी बोली. "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" ही आरोळी पुढून आली की मागच्याने उचलायची आणि चालत राहायचं.

मी मोर्शी तालुक्यातल्या एका गावात पिठाची चक्की चालवते. यांची संत्र्याची बाग आहे, पण बहाराचा काही नेम नाही, म्हणून चक्की. दिवसभर उभं राहायचं, दळणाचे डबे उचलून वर ओतायचे, पट्टा सुटला की खाली उकिडवं बसून तो चढवायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंसोबत नागद्वारीला जात आले. त्यांचा नवस होता, तो फिटला. माझं जाणं काही सुटलं नाही. त्यात भक्ती किती आणि वर्षातून एकदा चक्कीला कुलूप लावून पावसात, डोंगरात, बायांच्या घोळक्यात हुंदडायची हौस किती, ते महादेवालाच ठाऊक. गुडघा धरला तेव्हा दुखण्यापेक्षा धास्ती होती ती याचीच, की आता हे सुटणार.

सुरुवात उजव्या गुडघ्यापासून झाली. सकाळी उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं पाय मोकळा व्हायचा नाही, मग चालता चालता सुटायचा. दुपारपर्यंत ठीक. संध्याकाळी चक्की बंद करताना गुडघ्याची वाटी सुजेत दिसेनाशी व्हायची. ओट्यावरून उतरताना आतल्या बाजूने कळ. खाली बसले तर उठताना जमिनीला हात.

चक्कीवर दुखणं लपत नाही. "काऊन व काकू, लंगडून रायली?" असं विचारून डबा ठेवायचा आणि पीठ होईपर्यंत औषध सांगायचं, हा आमच्या गावचा रिवाज. निर्गुडीचा पाला गरम करून बांध. रुईच्या पानाला एरंडीचं तेल लावून शेक. मोहाचं तेल चोळ. डिंकाचे लाडू खा, वंगण सुटते. निर्गुडीचा पाला मी बांधला. उबेने बरं वाटायचं आणि झोप लागायची, त्याला नावं ठेवणार नाही. पण एकीने बिब्बा सांगितला तिला मात्र मी हात जोडले. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. आमच्याच गल्लीतल्या एका आजीच्या गुडघ्यावर त्याचे फोड आले होते, डाग अजून आहेत, आणि गुडघा होता तसाच आहे. त्याहून वाईट ती बिननावाची पुडी, जी खाल्ली की दुसऱ्या दिवशी माणूस पळायला लागतो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ओळखीतल्या एकाचं तोंड सुजून गोल झालं, साखर वाढली, आणि पुडी बंद केल्यावर दुखणं दुप्पट होऊन आलं.

मी अमरावतीला अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेले. एक्स-रे निघाला, फोटो बघितला गेला, मला फारसं बघितलं गेलं नाही. झीज आहे, ग्रेड ३ म्हणजे चारातली तिसरी पायरी, पहाड-बिहाड विसरा, गुडघ्यात जेलचं इंजेक्शन घ्या, नाहीतर दुर्बिणीतून आत धुऊन साफ करून देतो. खर्च ऐकून यांनी बाहेर आल्यावर चहासुद्धा घेतला नाही.

वर्ध्याला माझी भाची असते. ती म्हणाली, "मामी, कापाकापी करायच्या आधी एकदा सेवाग्रामला दाखव." सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ साली सुरू झालं, खेड्यातल्या लोकांसाठी डॉक्टर घडवायचे म्हणून. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयात रांग लागते, चिठ्ठी काढावी लागते, अर्धा दिवस जातो. पण तिथल्या तरुण डॉक्टरने मला टेबलावर झोपवून गुडघा वाकवून पाहिला, दोन्ही मांड्यांना टेप लावून घेर मोजला, आणि मग जे विचारलं ते आजवर कोणी विचारलं नव्हतं. "तुम्हाला काय करता आलं पाहिजे?"

म्हटलं, "मले पहाड उतरता आला पाहिजे जी."

तो हसला नाही. त्याने प्रश्न विचारले. सकाळचा आखडलेपणा किती वेळ? अर्ध्या तासाच्या आत जात असेल तर झिजेचा संधिवात. तासभर टिकत असेल आणि बोटांचे लहान सांधे सुजत असतील तर आमवात, त्याचा इलाज वेगळा. गुडघा मध्येच अडकतो का? चालताना दगा देतो का? रात्री दुखण्याने जाग येते का? मग त्याने उजवी मांडी दाखवली. ती डावीपेक्षा बारीक होती. दुखतं म्हणून त्या पायावर भार कमी, भार कमी म्हणून स्नायू बारीक, स्नायू बारीक म्हणून सांध्यावर जास्त भार आणि जास्त दुखणं. म्हणजे मी जो आराम देत होते तोच मांडी खात होता.

त्याने कार्टिलेजबद्दल सांगितलं ते मी पुढे चक्कीवर कितीतरी जणींना सांगितलं आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या पाण्यातून, आणि ते पाणी आत-बाहेर होतं भार पडल्या-सुटल्याने, स्पंज दाबून सोडावा तसं. चालणं बंद केलं तर तिची उपासमार. गादीत दुखणं कळवणारे मज्जातंतूही नसतात, म्हणून झीज स्वतः दुखत नाही. दुखतं ते आजूबाजूचं अस्तर, हाड, ओढलेले स्नायू. त्यामुळे एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. फोटो खराब असूनही चालणारी माणसं असतात आणि फोटो बरा असून खाटेला खिळलेलीही.

दुर्बिणीने धुण्याबद्दल विचारलं तेव्हा त्याने अमेरिकेतल्या एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. ह्यूस्टनला डॉक्टरांनी झिजेच्या रुग्णांचे गट पाडले. काहींचा गुडघा आतून खरंच साफ केला, काहींच्या कातडीला नुसत्या चिरा देऊन टाके घातले. कोणाचं काय केलं ते रुग्णांना सांगितलं नाही. २००२ साली निकाल छापून आला. दोन वर्षांनीसुद्धा दोन्हींच्या दुखण्यात फरक नव्हता. जेलच्या इंजेक्शनबद्दल तो एवढंच म्हणाला की सरसकट द्यावं असं त्याचं काम नाही, त्या पैशात वर्षभर चांगले बूट आणि दूध-अंडी येतील. सांधा बदलणं हा खरा इलाज आहे, पण शेवटचा. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला, नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आणला, जीएसटी वेगळा. दवाखान्याचा, भुलीचा, औषधांचा खर्च त्यावर. बसवलेला सांधा पंधरा-वीस वर्षं सहज जातो, बहुतेकांचा त्याहून जास्त. तरी माझ्या वयाला घाई नको आणि आधी मांडी तयार करा, कारण ऑपरेशन झालं तरी चालवणार मांडीच आहे, असं त्याचं म्हणणं पडलं.

खरं काम शिकवलं ते अमरावतीच्या फिजिओथेरपीवाल्या पोरीने. पोरगीच म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची. तिने पहिल्या दिवशी खुर्चीवरून हात न लावता उठायला सांगितलं, घड्याळ लावून. मला लाज वाटेल इतकं कमी जमलं. मग व्यायाम दिले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबून धरायची. उताणं पडून सरळ पाय वीतभर उचलायचा. कुशीवर वळून वरचा पाय उचलायचा. हा कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूसाठी, तो ढिला असला की चालताना गुडघा आत पडतो. टाचा उचलायच्या. खुर्चीत बसायचं-उठायचं, बसताना सावकाश, धपकन नाही. हे ऐकून मला वाटलं होतं, एवढ्याने काय होतंय? दोन हप्त्यांत मांड्यांत जोर जाणवायला लागला तेव्हा बोलती बंद झाली.

वजन बांधून पाय उचला म्हणाली. बाजारात त्याचे पट्टे मिळतात, पण चक्कीवालीला वजनाची काय वानवा! कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या, काट्यावर अर्धा-अर्धा किलो ज्वारी मोजून भरली, घोट्याला बांधली. मांडी तयार होत गेली तशी ज्वारी वाढवत गेले. आणि वेळ? वेळ महावितरणने दिला. लाईट गेली की चक्की बंद, आणि चक्की बंद की मी आतल्या खोलीत सतरंजीवर. भारनियमनाला गावात शिव्या न देणारी मी एकटीच असेन. एक काकू डबा घेऊन आत डोकावली, मला पाय वर करून पडलेली पाहून परत गेली आणि यांना बागेत जाऊन सांगून आली की घरच्या मालकिणीला काहीतरी झालंय.

सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम पायरीचा, आणि तो तिने महिनाभरानंतर दिला. पायरीवर उभं राहायचं, चांगला पाय पुढे हवेत, आणि दुखऱ्या पायाचा गुडघा वाकवत पुढच्या पायाची टाच जमिनीला टेकेपर्यंत स्वतःला खाली सोडायचं. चार मोजत. मग वर. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा, आत पडता कामा नये. हाच उताराचा सराव. त्याच दिवशी तिने मोबाईलवर गुलमर्गच्या बर्फावर स्कीइंग करणाऱ्या माणसांचा व्हिडिओ दाखवला. काठ्या टेकत, गुडघे वाकवून, डोंगरभर खाली घसरत जातात. म्हणाली, "बघा काकू, यांच्यात साठी उलटलेले, गुडघे झिजलेलेही असतात. बर्फ पडायच्या आधी दोन-तीन महिने हेच करतात, भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसतात, पायऱ्या उतरतात. तुमचा हंगाम पावसाळा, त्यांचा हिवाळा." मला ती बर्फावरची म्हातारी माणसं फार आवडली. तेव्हापासून भिंतीला टेकून बसायच्या व्यायामाला आमच्याकडे गुलमर्ग म्हणतात.

दुखण्याचं काय करायचं, याचाही तिने नियम घालून दिला. शून्य ते दहा असं मोजायचं. व्यायाम करताना चार-पाचापर्यंत दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आधीच्या पातळीवर आलं पाहिजे. आलं नाही किंवा सूज वाढली, तर काल जास्त झालं. वजन कमी करायचं, फेऱ्या कमी करायच्या, थांबायचं मात्र नाही. या एका नियमाने माझी भीती गेली. त्याआधी प्रत्येक कळ म्हणजे अजून थोडं घासलं गेलं, असं मनात यायचं. आता कळ आली की मी आकडा लावते.

वजनाचं लवकर सांगते, कारण त्यात नवीन काही नाही. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो, हे ऐकल्यावर माझी मी धान्याच्या काट्यावर उभी राहिले. प्रत्येक गिऱ्हाइकासोबत घेतलेला साखरेचा चहा बंद केला, रात्रीची पोळी कमी केली, वरण वाढवलं. वर्षभरात सात-आठ किलो उतरलं. काटा पुढ्यात असल्याने खोटं बोलायची सोय नव्हती.

घरातही अदलाबदल झाली. उकिडवं बसणं गुडघ्याला सगळ्यात जड. संडासात देशी भांड्यावर प्लास्टिकची कमोड खुर्ची आणून ठेवली. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, आता त्याच जास्त वापरतात. पट्टा चढवायला बुटकं स्टूल घेतलं. चक्कीपुढे रबरी चटई टाकली. निंदायला जाणं सोडलं. पंगतीत मांडी घालून बसणं सोडायला मात्र मन होईना. भजनाला खुर्चीवर बसलं की आपण पाहुणे झालो असं वाटतं. तिथे मी अर्धा वेळ पाय लांब करून बसते, देवाकडे तळवे होणार नाहीत एवढं बघून.

गोळ्यांचं प्रकरण जपून सांगते, कारण इथे लोक आंधळेपणाने गिळतात. मला रक्तदाबाची गोळी आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या रक्तदाब वाढवतात, पोटात जखम करतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबत आणि अंगात पाणी कमी असताना तर जास्तच. पहाडावर घाम गाळत, पाणी कमी पीत चालणारी बाई त्यात बरोबर बसते. म्हणून डॉक्टरांनी मला डायक्लोफिनॅकचा मलम दिला. गुडघा कातडीच्या जवळचा सांधा, तिथे मलम पोहोचतो आणि रक्तात फार कमी जातो. दिवसातून तीन-चार वेळा, नियमाने, दुखेल तेव्हाच नाही. एकदा गुडघ्यात पाणी होऊन तो फुगला तेव्हा त्यांनी पाणी काढून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. पाच-सहा आठवडे स्वर्ग. मी दुसरं मागितलं तर म्हणाले, "वारंवार दिलं तर गादी आणखी खराब होते. या आठवड्यांत मांडी करून घ्या, त्यासाठीच दिलंय."

मांडी झाल्यावर चालणं. आधी अप्पर वर्धाच्या कालव्याच्या काठाने सपाट रस्त्यावर, सकाळी. मग साळबर्डी. आमच्या तालुक्याचं भाग्य, की महादेव घराशेजारी आहे. माडू नदीच्या काठी, मध्य प्रदेशच्या सीमेवर, डोंगरात गुहेतला महादेव. शिवरात्रीला जत्रा भरते, एरवी शुकशुकाट. तिथल्या पायऱ्या आणि दगडी वाट माझी शाळा झाली. चढणं नेहमीच्या चालीने. उतरणं मात्र मोजून, दोन काठ्यांनी. पहिल्यांदा अर्ध्यातून उतरले. पुढच्या वेळी थोडं वर. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा लावायचा आणि त्यावर पुढचा रविवार ठरवायचा. यांना वाटलं होतं हे खूळ उन्हाळ्यात उतरेल. "तू तिथं रडशीन अन् आमाले तुले उचलून आणा लागन," असं म्हणणारे हेच मे महिन्याच्या पहाटे पाण्याची बाटली घेऊन मागे यायला लागले, आणि त्यांचीच धाप आधी लागायची.

त्या वर्षी श्रावण लागायच्या आधी आमचं मंडळ निघालं. वरूड, पांढुर्णा, छिंदवाडा, मग तामियाचा घाट. गाडीतले ते तास गुडघ्याला पहाडाइतकेच वाईट. वाकलेला गुडघा आखडतो. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवायला लावली, पोट्ट्यांनी कुरकुर केली, मी उतरून टाचा उचलल्या. पचमढीहून जिपा पुढे सोडतात, तिथून पायवाट.

मी साडी नेसले नाही. सलवार-कमीज घातला, कारण लुगड्याच्या निऱ्यांत पाऊल दिसत नाही आणि उताराला पाऊल दिसलंच पाहिजे. त्यावर जी कुजबुज व्हायची ती झाली. पायात खाचांच्या तळव्याचे बूट. हातात वेळूच्या दोन काठ्या, मुठीची उंची मनगटाएवढी. एकच काठी असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात धरायची, हे बहुतेक लोक उलटंच करतात. पायऱ्यांवर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. ओल्या दगडाच्या उताराला सरळ न जाता तिरपं, नागमोडी उतरायचं. लोखंडी शिडीवरून तोंड शिडीकडे करून, मागचा कितीही ओरडला तरी.

वाटेवरच्या काजरी या ठिकाणाच्या पुढे पाऊस असा कोसळला की वाटेचा ओढा झाला. आम्ही पहाटेच निघालो होतो म्हणून उजेड हाताशी होता. अंधारात, थकलेल्या मांड्यांनी उतरायचं नाही, हे मी घरीच ठरवून मंडळाच्या पोरांकडून कबूल करून घेतलं होतं. नागद्वारीच्या गुहेत पद्मशेषचं दर्शन झालं. स्वर्गद्वार हे वाटेवरचं दुसरं देवस्थान मी सोडलं. बाकीचे गेले, मी आणि दोघी भंडाऱ्याच्या कनातीत भात खात बसलो. यावर एका बाईने मला सांगितलं, "अर्धी जत्रा देवाले पोचत नाई." पोचत नसेल. पण पुढचा उतार मला माझ्या पायांनी उतरायचा होता, आणि तो मी उतरले. आकडा सहापर्यंत गेला, पण गुडघ्याने दगा दिला नाही. खाली पचमढीत शीतपेयाच्या दुकानातून बर्फ मागून घेतला, पंच्यात गुंडाळून पंधरा मिनिटं लावला, पाय उशीवर. रात्री सूज होती, दुसऱ्या दिवशी कमी झाली, गावी पोचेपर्यंत गेली. स्वर्गद्वार त्यानंतरच्या वर्षी केलं. त्यावर्षी बोलणाऱ्या बाईचाच गुडघा धरला होता. माझी एक काठी तिला दिली.

आता डावाही कुरकुरतो. नवा एक्स-रे जुन्यापेक्षा चांगला आलेला नाही, येणारही नव्हता. डॉक्टर म्हणतात, रात्री झोप उडायला लागली, गावातल्या गावात चालणं अवघड झालं, की ऑपरेशनचं बोलू. बोलू. तोवर होळी झाली की ज्वारीच्या पिशव्या खुंटीवरून खाली येतात. व्यायाम मध्ये दोन-तीन आठवडे सुटला, लगीनसराईत सुटतोच, की पायरीवर लगेच कळतं. म्हणून आता चक्कीवर तिघी-चौघी मिळून करतो. दळण ठेवायचं आणि पीठ होईपर्यंत भिंतीला पाठ टेकून गुलमर्ग.

या वर्षी जाणार असाल तर एक बारकी गोष्ट. वेळूच्या काठीच्या टोकाला औषधाच्या दुकानातून वॉकरचं रबरी बूच आणून बसवा, ओल्या दगडावर नुसती काठी सटकते. दोन जोड्या घ्या. एक बूच चिखलात राहतंच, आणि जत्रेच्या दिवसांत पचमढीत ते शोधत फिरायला वेळ नसतो.